प्रौढ रॅपची कसोटी

गवई पन्नाशीकडे झुकला की त्याच्या गाण्यात खोली आली असे रसिक म्हणतात. कवीच्या बाबतीत तर केस पिकणे हीच जणू एक पदवी ठरते. रॅप या कलाप्रकाराच्या वाट्याला हा मान फार काळ आला नव्हता. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७३च्या ऑगस्टमध्ये कूल हर्क या तरुणाने तबकड्यांवरील ठेका लांबवून एक नाचाची मैफल रंगविली. हिप-हॉपचा जन्म तेथून मानला जातो. तेव्हापासून ही कला विशीतल्या मुलांची, त्यांच्या ईर्ष्येची आणि बढाईची समजली गेली. ठेक्यावर यमकबद्ध शब्दांचा मारा करायचा, प्रतिस्पर्ध्याला शब्दांनीच चीत करायचे, हा तिचा मूळ स्वभाव. आपल्याकडील कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांची आठवण यावी असा. या कलेतील माणूस चाळिशी ओलांडून पुन्हा ध्वनिमुद्रणास उभा राहिला, तर त्याच्याकडे पाहण्याच्या समीक्षकांच्या दोनच तऱ्हा ठरून गेलेल्या होत्या. जुन्या दिवसांच्या आठवणीने गहिवरून सारे काही गोड मानून घ्यायचे, ही एक. आणि आता वय झाले हे सभ्य शब्दांत सुचवून बाजूला व्हायचे, ही दुसरी. दोहोंतही समोरच्या कृतीचे परीक्षण होत नाही.

‘ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या समूहाचा सहावा आणि अखेरचा अल्बम ११ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा या दोन्ही तऱ्हा अपुऱ्या पडल्या. आधीच्या अल्बमनंतर तब्बल अठरा वर्षे लोटली होती. त्याचे स्वागत जवळजवळ एकमुखी झाले. निरनिराळ्या परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’वर त्याला शंभरापैकी नव्वदांहून अधिक गुण पडले, नव्या संगीताविषयी सहसा हात आखडून लिहिणाऱ्या ‘पिचफोर्क’ने दहापैकी नऊ दिले. पहिल्याच आठवड्यात सुमारे १ लाख ३५ हजार प्रतींइतका खप होऊन तो ‘बिलबोर्ड’च्या यादीत अग्रस्थानी गेला. हे सारे खरे. पण ही स्तुती नेमकी कशाची होती, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही, उलट अधिक टोकदार होतो.

समूहाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील सेंट ऑल्बन्स या वस्तीत लहानपणापासून एकमेकांना ओळखणारी दोन मुले, क्यू-टिप आणि फाइफ डॉग, ही त्यातील दोन मुख्य कंठ. पहिल्याचा आवाज नाकातला, काहीसा स्वप्नाळू, विचार तिरकस वळणांनी जाणारे. दुसरा त्रिनिदादहून आलेल्या कुटुंबातला, ठेंगणा, खणखणीत, थट्टेखोर, मैदानी खेळांचा वेडा. तबकड्या आणि ठेके सांभाळणारा अली शाहीद मुहम्मद हा तिसरा. चौथा जरोबी व्हाइट. तो पहिल्या अल्बमनंतर पाकशास्त्राकडे वळला आणि पुढे व्यावसायिक आचारी झाला. बंदुका आणि टोळीयुद्धे यांची वर्णने रॅपमध्ये बोकाळू लागली होती त्या काळात या मुलांनी जॅझच्या जुन्या तबकड्यांतले तुकडे घेऊन एक मोकळी, खेळकर, विचारी वाट काढली. १९९१च्या ‘द लो एंड थिअरी’त जॅझमधील थोर वादक रॉन कार्टर यांना त्यांनी डबल बेस वाजविण्यासाठी पाचारण केले. विशी नुकतीच ओलांडलेल्या पोरांनी मागच्या पिढीच्या उस्तादाला घरी बोलवावे आणि त्यांनी यावे, ही घटना त्या काळी लहान वाटली असेल. आज ती तशी वाटत नाही.

समीक्षक आणि बाजार यांचे या समूहाशी असलेले नाते पहिल्यापासून उलटसुलट राहिले. १९९०चा पहिला अल्बम ‘द सोर्स’ या हिप-हॉपच्या नियतकालिकाने सर्वोच्च गुण देऊन गौरविला, तर ‘रोलिंग स्टोन’ने त्याची बोळवण थंडपणे केली. ‘द लो एंड थिअरी’ विक्रीच्या यादीत पंचेचाळिसाव्या स्थानापलीकडे चढू शकला नाही. तोच पुढे या कलेतील मानदंड मानला गेला आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश केला. याउलट १९९६चा ‘बीट्स, राइम्स अँड लाइफ’ यादीत थेट पहिला आला, पण चाहत्यांना आणि समीक्षकांना तो आधीच्या कृतींच्या तुलनेत उणा वाटला. १९९८चा ‘द लव्ह मूव्हमेंट’ बाहेर पडता पडताच समूह फुटला. पुढे अधूनमधून रंगमंचावर ते एकत्र आले, परंतु त्या भेटींत स्नेहापेक्षा व्यवहार अधिक होता. २०११ मध्ये मायकेल रॅपापोर्ट यांनी या समूहावर केलेल्या माहितीपटात क्यू-टिप आणि फाइफ यांची धुसफूस इतकी उघडी पडली, की हे दोघे पुन्हा एका ध्वनिमुद्रकासमोर उभे राहतील अशी आशा करणे भाबडेपणाचे ठरावे.

ते उभे राहिले. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी, पहिल्या अल्बमच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त निघालेल्या नव्या आवृत्तीच्या प्रसंगाने, दूरचित्रवाणीवरील ‘द टुनाइट शो’त चौघांनी एकत्र कार्यक्रम केला. त्याच दिवशी पॅरिसमध्ये दहशतवाद्यांनी शंभराहून अधिक माणसे मारली होती. त्या रात्रीच्या अस्वस्थतेतून आणि रंगमंचावर अवचित परतलेल्या जुन्या ओढीतून नव्या कामाचा निश्चय झाला. क्यू-टिपच्या न्यू जर्सीतील घरी ध्वनिमुद्रणाची खोली होती. काम तेथेच, समोरासमोर बसून करायचे, असे ठरले. निमंत्रित पाहुण्यांनीही शक्यतो तेथेच यावे असा आग्रह होता. रॅपच्या आजच्या व्यवहारात हा आग्रह विक्षिप्तपणाचा म्हटला पाहिजे. एकाने लॉस एंजेलिसमध्ये कडवे म्हणायचे, दुसऱ्याने ते अटलांटात ठेक्याला जोडायचे, आणि दोघांची गाठ प्रत्यक्षात पडण्याची गरजच उरू नये, अशी सोय आता झाली आहे. येथे मात्र फाइफ कॅलिफोर्नियाहून विमानाने येत असे, तेही कशा अवस्थेत? १९९०पासून त्याला मधुमेह जडलेला होता. २००८ मध्ये पत्नीने दिलेल्या मूत्रपिंडाचे रोपण झाले होते. आणि आता शरीर पुन्हा साथ सोडू लागले होते. २२ मार्च २०१६ रोजी मधुमेहाच्या गुंतागुंतीने तो वारला. वय ४५. अल्बम अर्धाच झाला होता.

उरलेले काम क्यू-टिपने पूर्ण केले. अली शाहीद त्या काळात ‘लूक केज’ या मालिकेच्या संगीतात गुंतला असल्याने रचनेचा भार बहुतांशी एकट्या क्यू-टिपवर पडला. सोळा गीते, दोन भाग, अवधी सुमारे तासाभराचा. केंड्रिक लमार, आंद्रे ३०००, अँडरसन पाक, तालिब क्वेली, कान्ये वेस्ट अशी नव्याजुन्या रॅपमधली नावे, जुने सोबती बस्टा राइम्स आणि कॉन्सिक्वेन्स, शिवाय जॅक व्हाइट आणि एल्टन जॉन असे परक्या घरचे पाहुणे. एवढी गर्दी असूनही कृती पंगतीसारखी वाटत नाही, हे विशेष. तिचे श्रेय त्या एका खोलीला दिले पाहिजे.

मग समीक्षकांनी तिच्यात काय पाहिले? पहिली गोष्ट पाहिली ती राजकारण. ८ नोव्हेंबरला डोनाल्ड ट्रम्प अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले आणि तीनच दिवसांनी हा अल्बम लोकांच्या हाती पडला. त्यातील ‘वुई द पीपल’ या गीतात सत्तेचा आव आणून एक आवाज कृष्णवर्णीयांना, मेक्सिकन लोकांना, गरिबांना, मुसलमानांना, समलिंगी माणसांना देशातून चालते व्हा असे बजावतो. गोड चालीत म्हटल्यामुळे ती आज्ञा अधिकच अंगावर येते. शीर्षक अमेरिकेच्या राज्यघटनेच्या आरंभीचे. आपल्या संविधानाची उद्देशिकाही ‘आम्ही भारताचे लोक’ याच उच्चाराने सुरू होते, तेव्हा या उपरोधाचे मर्म मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही: ‘आम्ही’ या शब्दात कोण येतो आणि कोणाला वगळले जाते, एवढाच प्रश्न आहे. दुसऱ्याच रात्री, १२ नोव्हेंबरला, ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात समूहाने हे गीत सादर केले. फाइफच्या कडव्याची पाळी आली तेव्हा बाकीचे बोलायचे थांबले, त्याचे चित्र असलेला मोठा पडदा वरून उलगडला आणि ध्वनिमुद्रित आवाज सभागृहात घुमला. हा प्रसंग ज्यांनी पाहिला त्यांना अल्बम आणि निवडणूक वेगळी करणे पुढे अवघड जावे, यात नवल नाही.

आणि तरीही ती वेगळी केली पाहिजेत. अल्बमची घोषणा ऑक्टोबरच्या अखेरीसच झाली होती. निकालाला दिलेले उत्तर म्हणून तो लिहिला गेला असणे शक्यच नाही. ट्रम्प यांचे नाव फाइफच्या तोंडून एकदा ओझरते येते, पण ते दूरचित्रवाणीवरच्या एका हास्यविषयाच्या रूपाने. तो वारला तेव्हा त्यांची पक्षाकडून अधिकृत निवडही झालेली नव्हती. शेवटच्या गीताचे नाव ‘द डोनाल्ड’ आहे हे वाचून अनेकांचे कान टवकारले असतील. तो डोनाल्ड म्हणजे फाइफ स्वतः, त्याच्या अनेक टोपणनावांपैकी एकावरून घेतलेला. या गीतांमागचा संताप एका निवडणुकीचा नाही. वस्तीतून हुसकावलेली भाडेकरू कुटुंबे, पोलिसांच्या गोळ्या, अंतराळात जाणाऱ्या यानात आपल्यासाठी जागा नाही हे ओळखून बसलेली माणसे, हे सारे ओबामा यांच्या आठ वर्षांतही होतेच. अल्बमला भविष्यवाणी म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी नकळत एक सोय करून घेतली: दुखणे काल सुरू झाले असे मानले की कालपर्यंतचा जाब कोणाला द्यावा लागत नाही. ता. क. म्हणून हेही नोंदवावे, की ‘द किलिंग सीझन’ या गीतात ज्याचा आवाज आहे तो कान्ये वेस्ट अल्बम निघाल्यानंतर सहाव्याच दिवशी रंगमंचावरून सांगून मोकळा झाला, की आपण मतदान केले असते तर ट्रम्प यांनाच केले असते. निषेधाचे गीत म्हणून सरसकट शिक्का मारणाऱ्यांची यामुळे पंचाईत झाली.

दुसरी गोष्ट दिसली ती शोक. येथे समीक्षक चुकले असे म्हणता येत नाही. फक्त त्यांनी शोक फार लवकर ओळखला आणि त्याची घडण पाहायचे राहून गेले. ‘लॉस्ट समबडी’ हे उघड विलापगीत आहे, आणि खरे सांगायचे तर अल्बममधील सर्वांत सरळ, म्हणूनच सर्वांत कमी चकित करणारे. त्याहून कितीतरी धीट आहे ‘ब्लॅक स्पॅझमॉडिक’. त्यात क्यू-टिप एका कडव्यात फाइफचाच आत्मा होऊन बोलतो: मेलेला मित्र वरून जिवंत मित्राला दटावतो, काम पुरे कर म्हणतो, त्याची थट्टाही करतो. मृताच्या तोंडी शब्द घालणे हा एरवी किती हलका प्रकार होऊ शकतो! येथे तो तसा होत नाही, कारण त्याच गीतात जिवंतपणी म्हणून ठेवलेले फाइफचे कडवे आधी ऐकू येऊन गेलेले असते आणि दोन्ही आवाजांतली ऐट एकच आहे. रडण्याऐवजी नक्कल करावी, एवढी जवळीक या दोघांत उरली होती, हे माहितीपटातले भांडण पाहिलेल्यांनी मुद्दाम ऐकावे.

प्रौढत्व हा शब्द परीक्षणांतून पुष्कळ वापरला गेला. बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ विषयांचे गांभीर्य असा होता. परंतु गंभीर विषय विशीतला मुलगाही हाताळतो. ट्राइबने स्वतः तो तेव्हा हाताळलाच होता. येथले प्रौढत्व पाहायचे असेल तर ‘डिस जनरेशन’ ऐकावे. चौघे गडी, क्यू-टिप, फाइफ, जरोबी आणि बस्टा, एकमेकांच्या ओळी अर्ध्यावर उचलतात, एक शब्द टाकतो, दुसरा त्याचे यमक झेलतो, कोणाचेही कडवे स्वतंत्र असे उरत नाही. अशी झेलाझेल हिप-हॉपच्या आरंभीच्या समूहांचे वैभव होते. पुढे प्रत्येकाला आपले सोळा ओळींचे वतन हवे झाले आणि ती मागे पडली. चाळिशीतली माणसे ती पुन्हा करतात तेव्हा त्यात कसरतीचा दिमाख नसतो, सवय असते. जुन्या जोडप्याने एकमेकांची वाक्ये पुरी करावीत तसे काहीसे. शिवाय त्याच गीतात केंड्रिक लमारसारख्या धाकट्यांची नावे घेऊन, आता राखण तुमची, असे क्यू-टिप मोकळ्या मनाने सांगतो. ‘आमच्या वेळचे रॅप राहिले नाही’ हा सूर ज्येष्ठांकडून हमखास अपेक्षित असतो. तो येथे औषधालाही सापडत नाही. ‘किड्स’मध्ये आंद्रे ३०००च्या जोडीने क्यू-टिप पोरांची फिरकी घेतो खरा, पण त्या थट्टेत आपणही असेच होतो ही कबुली आहे.

जरोबीचे काय? पंचवीस वर्षांपूर्वी समूह सोडून स्वयंपाकघरात गेलेला हा माणूस येथे पोटतिडकीने बोलतो, आणि अल्बममधील काही नेटकी कडवी त्याची आहेत. त्याचे असे मध्येच उजळून निघणे कोणत्याही व्यावसायिक आखणीत बसणारे नव्हते.

उणिवा नाहीत असे नाही. उत्तरार्धात फाइफची अनुपस्थिती जाणवते, आणि कॉन्सिक्वेन्स व बस्टा यांच्यावर सोपविलेल्या ‘मोबियस’मध्ये आवेश आहे पण यजमान घरात नसताना पाहुण्यांनीच मैफल चालविल्यासारखे वाटते. ‘ईगो’तले चिंतन थोडे पुस्तकी आहे. एकमुखी स्तुतीच्या त्या आठवड्यांत या गोष्टी बोलून दाखविणे कदाचित असभ्य ठरले असते. पण असभ्य वाटेल म्हणून दोष न दाखविणे ही मेलेल्याविषयीची आदरबुद्धी झाली, समीक्षा नव्हे. आणि फाइफ स्वतः तर दुसऱ्याच्या ढिल्या यमकाची टर उडविल्याशिवाय राहणाऱ्यांतला नव्हता.

समीक्षकांच्या पसंतीचे पुढे काय झाले, हेही उद्बोधक आहे. १२ फेब्रुवारी २०१७च्या ग्रॅमी सोहळ्यात समूहाने कार्यक्रम केला. बस्टा राइम्सने नव्या अध्यक्षांच्या प्रवासबंदीवर सर्वांदेखत कोरडे ओढले, रंगमंचावरची भिंत फोडण्यात आली, नाना वंशांची माणसे तेथे येऊन उभी राहिली आणि प्रतिकाराची घोषणा पुनःपुन्हा दिली गेली. त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये उत्कृष्ट आंतरराष्ट्रीय समूहाचे ब्रिट पारितोषिक ट्राइबला मिळाले. परंतु वर्षाअखेरीस पुढील ग्रॅमीची नामांकने जाहीर झाली तेव्हा या अल्बमचे नाव एकाही यादीत नव्हते. क्यू-टिपने आपला राग मुळीच लपविला नाही. आम्हांला मंचावर वापरून घेता आणि कामाची दखल घेत नाही, असा त्याचा आशय होता. वयामुळे डावलले, असे समजावे तर त्याच वर्षी सत्तेचाळिशी गाठलेल्या जे-झीच्या ‘फोर फॉर्टी-फोर’ला नामांकने मिळाली होती, आणि आदल्या वर्षी ट्राइबचेच बंधू म्हणावेत असे ‘डे ला सोल’ उत्कृष्ट रॅप अल्बमच्या यादीत होते. त्यांचा तो अल्बम चाहत्यांनी वर्गणीतून उभ्या केलेल्या सहा लाखांहून अधिक डॉलरांवर निघाला होता आणि परीक्षणांत त्याची स्तुती बेताचीच झाली होती. अधिक गौरविलेली कृती वगळली गेली, कमी गौरविलेली आत आली. अकादमीचे सदस्य मते देतात, समीक्षक लेख लिहितात. दोहोंचा एकमेकांशी संबंध असतो अशी समजूत आपणच करून घेतलेली असते. पुढे २०२४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समूहाची प्रतिष्ठापना झाली. तोवर फाइफला जाऊन आठ वर्षे झाली होती, आणि त्याची कवयित्री आई शेरिल बॉइस-टेलर यांनी मुलाच्या आठवणींचे पुस्तक लिहून प्रसिद्ध केलेले होते.

या अल्बमचे शीर्षक लांबलचक आहे: ‘वुई गॉट इट फ्रॉम हिअर... थँक यू फॉर युवर सर्व्हिस’. इथून पुढचे आम्ही पाहून घेतो, आपल्या सेवेबद्दल आभार, असा त्याचा अर्थ होतो. शेवटचे शब्द अमेरिकेत लष्करातून परतलेल्या शिपायाला उद्देशून म्हणण्याची रीत आहे. बोलणारा कोण आणि निरोप कोणाला दिला जातो आहे, यावर परीक्षणकारांनी बरेच तर्क लढविले: तरुण पिढी ज्येष्ठांना म्हणते आहे काय, की मावळते अध्यक्ष अभिप्रेत आहेत, की समूहच स्वतःला रजा देतो आहे? ते शीर्षक फाइफने सुचविले होते. त्याला त्यातून काय म्हणायचे आहे हे सोबत्यांनी विचारून घेतले नव्हते, आणि तो गेल्यानंतर त्यांनी ते बदललेही नाही.